हिरड्याच्या शाईची वही

बायकोची वही मी रद्दी समजून भिजत घातली. तिला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

आमचा चित्रांचा कागद घरचाच. रद्दी आणि सुती चिंध्या फाडायच्या, घमेल्यात दोन दिवस भिजवायच्या, मिक्सरमधून काढायच्या आणि लगदा जाळीच्या चौकटीवर उचलून गच्चीत वाळवायचा. फाडायचं काम माझं. पण मी जुनी वर्तमानपत्रं वाचत बसायचो आणि अख्खी दुपार जायची. म्हणून तिनं नियमच घालून दिला होता, "फाडताना वाचायचं नाही." सगळ्या संसारात तिचं मी मनापासून एकदाच ऐकलं, ते ही वही फाडली त्या दिवशी.

वही माझ्याच टेबलावर असायची. आजारपणात ती त्यात काहीबाही लिहायची. वाणसामानाची यादी असेल, असं समजून मी तिच्यावर चहाचा कप ठेवत आलो, आणि घर आवरताना गठ्ठ्यात टाकून मोकळा झालो.

पहिला कागद चौकटीवर उचलला, तेव्हा करड्या लगद्यात काळंभोर 'हि' दिसलं. वेलांटी तिचीच, डोक्यावर पदर घेतल्यासारखी. मग 'उकळ'. म्हणजे ती यादी नव्हती, शाईची कृती होती. तिची हिरड्याची शाई पाण्याला दाद देत नाही. आणि मी मिक्सर नीट फिरवत नाही, ही तिची कायमची तक्रार. एवढं वाचलं ते माझ्या त्या आळसामुळेच.

सात कागद निघाले. त्यांच्यावर चित्र काढायचा धीर होत नाही. रोज सकाळी खिडकीत धरून बघतो. एकावर 'लोखंडी' आहे. एकावर 'सकाळपर्यंत'. काय सकाळपर्यंत ठेवायचं, ते गेलं. तरी तोच कागद सगळ्यात जास्त वेळ हातात राहतो. एकावर माझ्या कपाचा अर्धा गोल. तो मात्र अगदी शाबूत.

तिचा काळा मला साधत नाही. हिरडे कुटले, लोखंडी कढईत उकळले, गंजके खिळे टाकले, बाभळीचा डिंक घातला. रंग आला चहाचा. त्या शाईनं काढलेले माझे सगळे कावळे साळुंक्या निघाले. तिचा कावळा कागदावर बसला, की उडून जाईल म्हणून खिडकी लावून घ्यावीशी वाटायची. मला तो काळा एकदा तरी पुन्हा घरात बघायचाय.

परवा अकोले गावच्या बाजारच्या दिवशी मेहुणी जीपमधून उतरली, डोंगरातले हिरडे घेऊन. माझी शाईची वाटी बघून म्हणाली, "दाजी, च्या पिताय का चित्रं काढताय?"

मी तिच्यापुढे सातही कागद मांडले. झालेलं सगळं सांगितलं. म्हटलं, "तू तिची बहीण. बघ काही जुळतंय का. तिचं गुपित होतं त्यात. वहीत बघूनच शाई करायची ना ती?"

तिनं एकेक कागद उजेडात धरला. 'सकाळपर्यंत' वर बोट फिरवलं. डोळे पुसले, आणि मग माझ्याकडे वळली.

"कसलं गुपित? तिला वही कशाला लागतीय? ती हिरडा नुस्ता हातात दाबून शाई कशी उतरंल ते सांगायची. तुमच्या ध्यानात काय ऱ्हात न्हाई, म्हनून तुमच्यासाठी लिवून ठिवलं हुतं तिनं. पार तुमच्या नाकाखाली आणून ठिवलं. तवा उघडलं न्हाई, आन आता खिडकीत धरून वाचतोय शाना!"