गुरुवारची प्रार्थनासभा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळकसाहेब आले. सभा चालवणाऱ्या जुन्या प्रत्येकाने आपल्यासारखं आणखी एक माणूस तयार करायचं, असं त्यांनी ठरवलं. स्त्रियांची गुरुवारची प्रार्थनासभा घरोघरी भरायची आणि ती बरीच वर्षं मीच चालवत होते. गीत, बायबलचं वाचन, त्यावर माझा संदेश, प्रार्थना, चहा. तासाभरात बायका मोकळ्या.

मी मलकापूरकडून लग्न होऊन आलेली एक सून निवडली. मुलगी गप्प होती, सांगितलेलं ऐकायची. संदेश कसा बांधायचा, आवाज कुठे चढवायचा, सगळं मी तिला घोटून शिकवलं.

पहिल्याच गुरुवारी ती अर्ध्यात अडकली. मी पुढचं वाक्य ओठांनी दाखवत होते. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ज्या घरी सभा होती तिथल्या म्हातारीकडे वळून म्हणाली, "मावशी, मला काय पुढचं आठवंना. तुमीच प्रार्थना करा की."

ही म्हातारी माझ्या सभेत कधी "आमेन"च्या पुढे गेली नव्हती. तिने पदर डोक्यावर घेतला. "देवा, माझं गुडघं बघ. सुनंचं तोंड बी बघ, ते काय बंद हुईना."

चहा गाळणारी म्हातारीची सून आतून ओरडली, "मग सासूचं मी मागू व्हय?"

"माग की, बाहीर येऊन माग!"

बायका हसून लोळल्या. मग एकेक जण मोठ्याने मागू लागली. कुणी नवऱ्याच्या दारूबद्दल, कुणी पोरीच्या लग्नाबद्दल. चहाचं पातेलं दोनदा तापवलं तरी कुणी उठेना. इतकी वर्षं मी बोलले आणि ह्या ऐकत बसल्या, ते ऐकणं होतं की नुसतं बसणं?

परतताना तिने विचारलं, "काकू, चुकलं का माझं?"

"वेळ फार लांबला," मी म्हणाले. एवढंच सापडलं.

पुढे आम्ही दोघी आळीपाळीने सभा घेऊ लागलो, तर बायका आधी विचारू लागल्या, "ह्या गुरुवारी कोण हाय? ती हाय नव्हं?" मी असले की चार जणींना कामं निघायची. वर्ष संपताना पाळकसाहेबांनी विचारलं, "पुढच्या वर्षापासून सभा कोणाकडे द्यायची? तुम्ही म्हणाल तसं."

नाही म्हणायला मला कारण हवं होतं. लहान आहे म्हणावं, तर तिच्या वयात मीही सभा घेत होते. संदेश कच्चा म्हणावं, तर शिकवला मीच. मी तिचं नाव सांगितलं आणि पिशवी उचलून निघाले.

नंतरच्या गुरुवारी मी भिंतीला टेकून बसले. ती म्हणाली, "काकू, आज तुमी मागा. तुमच्यासाठी."

मी मंडळीसाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, व्यवस्थित, क्रमाने. आमेन झालं. बायकांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं.