महालक्ष्मीपुढची हिरवी गाडी

ती हिरवी गाडी अजून डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे पडले, मोर्चे निघाले. त्यातलं बरंचसं आता एकात एक मिसळून गेलंय. पण वीतभर लांबीची, एका बाजूचं दार तुटलेली ती खेळण्यातली गाडी मात्र जशीच्या तशी आठवते. निवृत्तीनंतर लोक विचारतात, साहेब, तुमची सगळ्यात अवघड केस कोणती? मी ही सांगितली की ते हसतात आणि दुसरी सांगा म्हणतात.

तेव्हा मी भोकरदन भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गणपतीचे दिवस होते. पोलिसाला सण कसला? त्याला फक्त बंदोबस्त. मंडळांच्या परवानग्या, मिरवणुकीचे मार्ग, शांतता समितीच्या बैठका, आणि त्या बैठकांत दर वर्षी तेच लोक तेच भाषण करणार. माणसं कमी, त्यात निम्म्यांना घरच्या महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे गौरींसाठी, सुट्टी हवी. माझे पाय सुजलेले असायचे आणि डोकं त्याहून जड. अशा एका सकाळी गावातले एक मोठे आडतदार ठाण्यात आले आणि म्हणाले, चोरी झाली आहे, फिर्याद घ्या.

काय गेलं, तर गाडी. ठाणे अंमलदारानं सवयीनं नंबर विचारला. आडतदार म्हणाले, नंबर नाही, खेळण्यातली आहे. अंमलदारानं माझ्याकडे पाहिलं. मीही हसू दाबलं, पण आडतदारांचा चेहरा पाहिला आणि त्यांना आत बसवलं. माणूस खरंच रडवेला झाला होता.

घरी जाऊन पाहिलं तेव्हा प्रकरण समजलं. दिवाणखान्यात भिंतभर काचेचं कपाट, आणि त्यात एकच गाडी पुन्हा पुन्हा. लांब बॉनेट, गोल दिवे, गडद हिरवा रंग, आत सायीच्या रंगाच्या सीटा. एखादी जर्मन बनावटीची, एखादी जपानी, एखादी नखाएवढी तर एखादी हातभर. कॉलेजला असताना आडतदारांनी शहरात एक इंग्रजी सिनेमा पाहिला होता. त्यातला गुप्तहेर या उंची गाडीतून फिरायचा. डिकी उघडली की आत वायरलेस, आणि आरशामागं पिस्तूल. सिनेमा बघताना हे खुर्चीतून उठलेच होते म्हणे, कारण तशी छोटी गाडी त्यांच्या घरी लहानपणापासून होती. वडिलांनी कुठल्याशा प्रवासातून आणलेली. तेव्हापासून नाद लागला. तुरीचे, सोयाबीनचे सौदे करणारा हा माणूस मला त्या गाडीचे टायर सिनेमाच्या कोणत्या भागात बदलले ते सांगत बसला. हौसेला मोल नाही म्हणतात ते उगीच नाही.

चोरी गेली होती ती नेमकी वडिलांनी आणलेली. सगळ्यात जुनी, रंग उडालेली, दार तुटलेली. शेजारच्या चकचकीत, पेटीबंद गाड्यांना कोणी हात लावला नव्हता. कुलूप शाबूत. किल्ली देव्हाऱ्यातल्या तांब्याखाली असायची, तिथंच होती. पंचनामा करताना मी एवढंच टिपलं की हे काम घरातलं ठाऊक असणाऱ्याचं आहे.

आडतदारांचं बोट तयार होतं. त्यांच्याकडे एक घरगडी होता, पन्नाशीचा. त्याच्या वडिलांची मेंढरं होती. ती गेली, मग पोरं मिळेल त्या कामाला लागली, त्यातला हा. गेली कित्येक वर्षं याच घरात. कपाट तोच पुसायचा, आणि दार त्याच्याच हातून तुटलं होतं. आडतदारांचं म्हणणं, आणखी काही मोडलं असणार, म्हणून त्यानं गाडीच नाहीशी केली. संशयित म्हणून नाव दिलंय म्हटल्यावर चौकशीला आणणं भाग होतं. दोन शिपाई गेले आणि त्याला जीपमधून घेऊन आले.

त्याला मी समोर बसवलं. आमच्या धंद्यात माणूस बसतो कसा यावरून पुष्कळ कळतं. चोर खुर्चीच्या कडेला बसतो आणि पाणी मागतो. हा जमिनीवरच बसायला निघाला. खुर्चीवर बस म्हटलं तर बसला, पाणी दिलं तर नको म्हणाला. मी तेच ते प्रश्न उलटेपालटे करून विचारले, तो तीच ती उत्तरं देत राहिला. शेवटी म्हणाला, "साहेब, दार माझ्या हातानं तुटलं हे बराबर हाय. त्याच टायमाला मी मालकाला जाऊन सांगितलं. मोडलेलं जो सांगतो तो चोरंल कशाला?"

अंगाला हात न लावता त्याला संध्याकाळी घरी सोडलं, पण रोज हजेरी लावायला सांगितलं. जाताना तो दारात थबकला. त्याच्या मुलीची सोयरीक तीर्थपुरीकडच्या एका घरात जमली होती, सुपारी फुटली होती, दिवाळीनंतर लग्न होतं. तो एवढंच म्हणाला की तिकडं हे कळायच्या आत काय ते मिटवा. मी हो म्हणालो. पण त्याला जीपमध्ये बसवतानाचा फोटो तोवर कोणीतरी काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता. हल्ली आरोपपत्राच्या आधी फोटो पोचतो.

पुढचे काही दिवस मी बंदोबस्तातून वेळ काढून बाजारात, भंगारवाल्यांकडे, पोरासोरांत चौकशी केली. कुठेच काही नाही. गडी रोज यायचा, सही करायचा, बाकावर बसायचा. एकदा म्हणाला की तीर्थपुरीहून फोन आला होता, व्याही काही बोलले नाहीत, फक्त तब्येत विचारली. "पहिल्यांदाच तब्येत इचारली, साहेब."

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आमच्या एका महिला शिपायाला मी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. तिचं सासर केदारखेड्याचं. दुपारी तिचा फोन आला. आमच्याकडे महालक्ष्म्यांपुढं आरास मांडतात हे सर्वांना ठाऊक आहे. धान्याच्या राशी, फराळाची ताटं, आणि घरातली असतील नसतील ती सगळी खेळणी. बायका घरोघरी दर्शनाला जातात, कोणाची आरास कशी ते बघतात. ही अशीच एका घरी गेली, नमस्काराला वाकली, आणि महालक्ष्मीच्या पायाशी तिला हिरवी गाडी दिसली. एका बाजूचं दार नव्हतं. तिनं घर कोणाचं ते विचारून घेतलं. आडतदारांच्या धाकट्या भावाचं होतं.

दोघा भावांची वाटणी होऊन बरीच वर्षं झाली होती. बोलणं बंद होतं. आई धाकट्याकडे, शेतातल्या घरी. वाटणीत महालक्ष्म्या धाकट्याकडे राहिल्या, म्हणून आडतदार त्या सणालाही केदारखेड्याला जात नसत. त्यांनी फिर्याद देताना भावाचा उल्लेखही केला नव्हता. मला वाटतं, ते लपवत नव्हते. इतक्या वर्षांत घराची पायरी न चढलेला भाऊ त्यांच्या हिशेबातूनच गेला होता.

मी दोन पंच आणि ती शिपाई घेऊन केदारखेड्याला गेलो. बूट बाहेर काढले. आत धूप, पुरणाचा वास, जरीच्या साड्या नेसलेल्या दोन महालक्ष्म्या, आणि पुढं लाकडी बैल, मातीचं जातं, बाहुल्या यांच्यात ती गाडी. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं. कोपऱ्यात खाटेवर म्हातारी पडून होती. हाडांचा सापळा नुसता, पण नजर आराशीवर.

धाकट्यानं मला पाहिलं आणि लगेच कबूल झाला. आयुष्यात इतका सोपा कबुलीजबाब मला मिळाला नव्हता. तो म्हणाला, "लहानपणी ही गाडी दर साली महालक्ष्मीपुढं असायची. आम्ही तिला महालक्ष्मीची गाडीच म्हणायचो. मंग दादा घेऊन गेला, ती गुप्तहेराची झाली. आईनं औंदा धोसरा काढला, आरास आपल्या गाडीसगट मांडा, पुढच्या साली मी न्हाई. दादाला निरोप धाडला तर म्हणाला, कुंकू लागलं की रंग खराब होतो."

म्हणून हा भर दुपारी, घरात कोणी नसताना, परसदारानं गेला. किल्ली कुठं असते हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून त्या घरच्या किल्ल्या देव्हाऱ्यातल्या तांब्याखालीच असायच्या. महालक्ष्म्यांची बोळवण झाली की गाडी परत नेऊन ठेवायची असा त्याचा बेत होता. मी विचारलं, गड्याला ठाण्यात नेलं हे ठाऊक होतं का? त्यानं मान खाली घातली. फोटो त्यानंही पाहिला होता. म्हणाला, चार दिवसांची तर गोष्ट, मंग आपोआप सुटंल. त्या क्षणी मला त्याचा राग आला. आपल्या आईसाठी चोरी करणारा माणूस दुसऱ्याच्या पोरीचा विचार करेलच असं नसतं.

मुद्देमाल ओळखायला आडतदारांना बोलावून घेतलं. ते आले, उंबऱ्यावर थांबले. गाडीकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं. मला वाटलं आता भडकतील. तेवढ्यात खाटेवरून म्हातारी म्हणाली, "आलास का? हात धू. जेवून जाय."

बस, एवढंच. आडतदार उंबऱ्यावरच ढसाढसा रडले. धाकट्यानं ताट वाढलं. म्हातारी मला म्हणाली, आरास मोडू नको, उद्या बोळवण झाली की ने तुझी गाडी. मी पंचनाम्यात फोटो घेतले, एक शिपाई दारात बसवला आणि गाडी तिथंच राहू दिली. दोघं भाऊ कित्येक वर्षांनी एका पंगतीला जेवले. पुढं आडतदारांनी तक्रार नाही असा जबाब दिला, वडिलांची वस्तू दोघांचीच म्हणाले. गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेला असा अहवाल पाठवून आम्ही प्रकरण बंद केलं. केदारखेड्यात लोक म्हणाले, साहेब, पुण्याचं काम केलंत.

गड्याला मी दुसऱ्याच दिवशी बोलावून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. भाऊ एक झाले हे बरं झालं असंही म्हणाला. मग त्यानं मला विचारलं, "साहेब, मी चोर न्हाई असा एखादा कागद भेटंल का?"

इतकी वर्षं पोलिसात काढली, पण असं कोणी मागितलं नव्हतं. आणि असा कागद आमच्याकडे नसतो. ज्याच्यावर खटला चालतो त्याला कोर्ट निर्दोष म्हणून सोडतं, निकालाची नक्कल मिळते. हा तर कागदोपत्री आरोपीच नव्हता. नुसता चौकशीला आणलेला माणूस. त्याला अटक नाही, म्हणून सुटकाही नाही. मी त्याला हे समजावलं. तो म्हणाला, मंग तुम्ही स्वतः एकदा तीर्थपुरीला सांगा, तुमचा शब्द ते ऐकतील.

बंदोबस्त संपल्यावर मी गेलो. गणवेश नाही, सरकारी जीप नाही, ओळखीच्याच्या गाडीतून. मुलाचे वडील सभ्य माणूस. चटई अंथरली, चहा दिला, माझं सगळं बोलणं मधे न तोडता ऐकलं. गाडी कशी सापडली, कोणी नेली होती, गड्याचा काडीचाही संबंध कसा नव्हता, सगळं. मी थांबलो तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"साहेब, तुमच्यावर आमचा पूरा भरोसा हाय. तो माणूस चोर न्हाई, मानलं. पण चोर न्हाई हे सांगायला ज्याच्यासाठी ठाणेदार इतक्या दूर येतो, त्या घरची पोरगी केली तर लोक आम्हाला काय काय इचारतील?"

सोयरीक मोडली. आडतदारांनी गड्याला परत कामावर बोलावलं, पण तो गेला नाही. नंतर तो मजुरीला परगावी गेला असं कानावर आलं.

या केसनं मला काय शिकवलं असं कोणी विचारलं तर सांगणं जड जातं. ठाण्यात रुजू झालेल्या नव्या पोरांना मी एवढंच सांगत आलो की कोणाला जीपमध्ये बसवण्याआधी एकदा त्याच्या घराकडं पाहा. आपण संध्याकाळी माणूस सोडतो, पण गल्ली त्याला सोडत नाही. ती पोरं हो म्हणतात. मीही त्या वयात सगळ्याला हो म्हणायचो.

त्या मुलीचं पुढं दुसरीकडं लग्न झालं असेल. होवो, एवढंच मनापासून वाटतं. मी कधी चौकशी केली नाही. माझ्या चौकशीनं त्या घराचं काय होतं, ते मी एकदा पाहिलं होतं.