लंडनपर्यंतचा केर
गावाबाहेर पथाऱ्यांवर वाळत घातलेल्या लाल मिरचीचा ठसका घरात शिरला की मला भावाचं विमान आठवतं. तो पहाटे मुंबईहून लंडनला निघाला, तेव्हा आई इथे मिरचीचे देठ खुडत बसली होती आणि घरभर देठांचा खच पडला होता. "पोऱ्या पोचत नई तवलोंग झाडू लावाना नई," असं बजावून तिने वडिलांना विचारलं, किती वेळ लागेल? वडील एसटीत कंडक्टर. त्यांनी मोबाईलवर अंतर शोधलं, सात हजार दोनशे किलोमीटर, आणि ताशी आठशेने भागलं. "नऊ तास लागतीन. दुपारले झाडी ले." दुपारी आईने केर काढला, सुपली भरून दाराबाहेर नेली, तेवढ्यात भावाचा फोन आला. दुबईत विमान बदलायचं होतं आणि पुढचं अजून सुटलंच नव्हतं. जन्मभर थांबे घेत फिरलेले वडील नेमका तोच थांबा धरायला विसरले होते. "तो आजून वाटमाच शे," एवढंच म्हणून आईने सुपली आत आणली आणि केर परत घरभर पसरला. आज माझी मुलगी त्याच वाटेने निघालीय. तिचं विमान मोबाईलवर सरकताना दिसतंय, दुबईचा थांबाही मी धरलाय. झाडू मात्र दाराआडच आहे.