कुंकवावर विझवलेली विडी

आक्का आज सकाळी गेली. खोकत गेली.

आयुष्यात तिने एकदाही विडी ओढली नव्हती.

"शांतपणे गेली" असं कुणी लिहू नका, प्लीज.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं तिनेच शिकवली, स्वयंपाकघरात शेजारी बसवून. खोटं लिहायचं नाही, हेही तेव्हाच. म्हणून आधीच सांगते, पुढचं मी पाहिलेलं नाही. आक्काकडून ऐकलं आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या हौसामावशीला पुन्हा विचारून घेतलं.

सत्तरच्या दशकात दोघी माधवनगरला एका यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायच्या.

वाऱ्याने सूत तुटतं म्हणून खिडक्या बंद. आणि आत जॉबर. माग दुरुस्त करायचा, सगळ्यांवर हुकूम चालवायचा आणि दिवसभर विडी ओढायचा.

आक्काला दमा लागला. तिने त्याला सांगून पाहिलं.

"घरात चूल फुकता, तवा खोकला येत न्हाई व्हय?"

"चूल भाकरी देती. तुमची विडी काय देती?"

बायका हसल्या. विडी चालूच.

मग खंडेनवमी आली. मागांची पूजा. त्या दिवशी पूजलेल्या मागासमोर कुणी विडी पेटवत नसे. जॉबरसुद्धा गुमान बाहेर लिंबाखाली जाऊन ओढून आला.

आक्काने ते बघितलं.

दसरा झाला. शेड उघडली, तर मागांवर पुन्हा ताजं हळद-कुंकू आणि झेंडू. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. हौसामावशीने हौसेने उदबत्ती आणली, तर आक्का तिच्यावरच ओरडली, "आगं, धूर घालवायलाच बसलोय न्हवं आपण!"

"रोज कसली पूजा गं?" जॉबरने विचारलं.

"आवं, माग रोज चालतोय. मग देवी काय एकच दिवस असती?"

मागावरचे गडीही बाहेर जाऊन ओढायला लागले. जॉबरला ते सोसलं नाही. एका दुपारी सगळ्यांसमोर त्याने पेटती विडी मागावरच्या कुंकवात चुरडली.

"बघू, काय करती तुझी देवी."

देवीने काही केलं नाही.

बायका उठल्या. मग गडी उठले. माग थांबले. मालक धावत आला, आणि जॉबरला मागासमोर नाक घासावं लागलं.

आक्का म्हणाली, "देवीला पोचलं. आता बाहेर जाऊन वढा."

त्यानंतर त्या शेडमध्ये कुणी विडी पेटवली नाही.

दिवाळी होताच जॉबरने मालकाच्या कानात सांगितलं, दम्याच्या बाईला काम झेपत नाही. आक्काला काढलं. दुसऱ्या शेडमध्ये विचारायला जावं, तर त्याचा शब्द तिथे आधीच पोचलेला.

दमा त्यानेच दिलेला. काढायचं कारणही तोच दमा.

पुढे तोही खोकूनच गेला. बातमी आली तेव्हा आक्का भाजी निवडत होती.

"बरं झालं म्हनायचं नसतं," ती म्हणाली. "पर वाईट झालं असंबी मी म्हननार न्हाई."

आज बाबांनी टाकलेल्या निधनाच्या पोस्टखाली जॉबरच्या नातवाची कमेंट आली.

"आमच्या आजोबांनी ज्या शेडमध्ये विडीबंदी केली, तिथेच आक्का कामाला होत्या. भावपूर्ण श्रद्धांजली."

बाबा म्हणाले, "जाऊ दे गं. आजच्या दिवशी नको."

मी टाइप केलं. खोडलं. पुन्हा टाइप केलं. त्या मुलाचा दोष नाही, हे मला कळतं. त्याला घरी हेच सांगितलं असणार.

म्हणून तर लिहितेय. नाव लिहीत नाही. माधवनगरात ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि कळावंच.

दादा, तुमच्या आजोबांनी बंदी केली नाही. बंदी त्यांच्यावर झाली. ती आक्काने केली.

आक्का, तुझ्या वतीने मी कुणालाही माफ केलेलं नाही.

तू निवांत जा.