नंदनवारांचा जबडा

"तार काढून घे म्हणतो मी. एवढंच म्हणून राहिलो."

"काढून काय होते बाबूजी?"

"दात आपले आपल्या जागी जातात. तार काढली का महिन्या-दोन महिन्यांत जसेच्या तसे. मी विचारलं."

"कोणाले विचारलं?"

"विचारलं एकाले."

"डॉक्टरले?"

"डॉक्टरच पाहिजे काय सगळ्याले? त्या पानठेलेवाल्याच्या पोरीले होती तार. तिनं मधातच काढली. गेले दात वापस."

"मंग तिचा जबडा होता काय माझ्यासारखा?"

"तुझ्या जबड्याले काय झालं? माझाही हाच आहे. माझ्या बापाचाही हाच होता. आम्ही जेवलो नाही? वाजवलं नाही?"

"वाजवलं ना. मंग सोडलं."

"ते दम्यानं सोडलं."

 जितेंद्रच्या वडलांचा, नत्थूजींचा, हा दमा घरात सगळ्यांना माहीत होता, आणि तो दमा कुणीच कधी पाहिला नव्हता. दरवर्षी रामटेकचा गड ते पायऱ्यांनी चढायचे आणि वर जाऊन खाली राहिलेल्यांना हाका मारायचे.

आतून मिक्सरचा आवाज येत होता तो थांबला. जितेंद्रची बायको दिपाली दारात आली. हातात स्टीलचा पेला, पेल्यात काहीतरी पिवळं.

"भांडण झालं असन तं हे पिऊन पाहा. वरण-भात आहे. गाळून घेतला."

"आत्ताच काहून? ऑपरेशन व्हायचं आहे अजून."

"मंग तेव्हा शिकू काय मी? आता सांगा गुठळी लागते का. तेव्हा तुम्हाले बोलता नाही यायचं."

जितेंद्रने घोट घेतला. "लागते थोडी."

"बरं. उद्या सावजी रस्सा गाळून पाहते. पिचकारीनं घेजा."

नत्थूजी उठून पंख्याचा वेग वाढवायला गेले. सावजी मटण मिक्सरमधून काढायची कल्पना त्यांना जबड्याच्या ऑपरेशनपेक्षाही वाईट वाटली असावी. पण सुनेला ते काही बोलत नसत.

हे तांडापेठेतलं घर. समोरच्या खोलीत पूर्वी हातमाग होता. मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी बसवली, आणि आता तिथे ढोल, ताशे, एक जुनं, मोठं पितळी युफोनियम आणि खिळ्यांना टांगलेले लाल कोट असतात. नत्थूजी ऐन तरुणपणी मागावरून उठले आणि ट्रम्पेट शिकले. नंदनवार ब्रास बँड त्यांनी काढला. धुमाळवाल्यांच्या, म्हणजे ट्रकवर ढोल-ताशे वाजवणाऱ्यांच्या, गाड्या आल्या, भिंतीएवढे स्पीकर आले, तरी ज्यांच्या बापाच्या वरातीत नंदनवारांचा बँड होता ती घरं अजून नंदनवारांकडेच येतात. पाटी बदलली नाही. आणि ट्रम्पेट धरायची रीतही बदलली नाही.

ती रीत सांगायला हवी. नंदनवारांचा खालचा जबडा पुढे असतो, आणि पुढे येताना थोडा डावीकडे सरकतो. समोरच्या दातांवर दात बसत नाहीत. अशा तोंडाला ट्रम्पेटचा माऊथपीस ओठांच्या मध्यावर टेकत नाही, म्हणून नत्थूजींनी तो डाव्या कोपऱ्यात टेकवला, मान उजवीकडे झुकवली आणि तसंच वाजवलं. छान वाजवलं. पुढे त्यांच्याकडे जी पोरं शिकायला आली ती मास्तरांकडे बघून शिकली. त्यांचे जबडे सरळ होते, पण त्यांनीही माऊथपीस डाव्या कोपऱ्यात लावला आणि मान उजवीकडे टाकली. वरातीत नंदनवार बँडचे ट्रम्पेट एका ओळीत एकाच बाजूला झुकलेले दिसायचे. लोकांना ती ऐट वाटायची. एका लग्नात कुणीतरी विचारलंही होतं, हे असं तिरपं धरायचं कुठे शिकवतात. नत्थूजी म्हणाले होते, आमच्याकडेच.

जितेंद्रचा जबडा मात्र खरोखरच नंदनवारांचा होता. त्यामुळे त्याला ते फार लवकर आलं. पंधराव्या वर्षी तो पुढच्या ओळीत होता. दाढी आली तेव्हा त्याने ती वाढवली, आणि हनुवटी कुठे संपते हा प्रश्न तिथेच मिटला. पुढे बरीच वर्षं त्याने त्याचा विचार केला नाही. मग सक्करदऱ्यात एका वरातीत गाण्याच्या मध्येच त्याचा जबडा अडकला. तोंड उघडेना. लोकांना वाटलं, दम घेतोय. अश्विनने, म्हणजे दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याने, पुढची ओळ उचलली. जितेंद्र मांडवापर्यंत ट्रम्पेट ओठांना लावून नुसता चालत राहिला. त्या रात्री पोळी मोडून तोंडात सारता आली नाही. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता.

रामदासपेठेतल्या डॉक्टर ऋतुजांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला हा त्रास?"

"वडलांले. त्यांले दमा आहे."

"मी जबड्याचं विचारतेय."

"हो. तेच सांगून राहिलो."

डॉक्टर त्याच्याहून लहान होत्या आणि बोलताना हातात नेहमी काहीतरी धरायच्या, पेन नाहीतर प्लास्टरचा साचा. त्यांनी सांगितलं ते असं. जबड्याचा सांधा झिजतोय. नुसत्या तारेने हे सरळ होणार नाही, हाडच कापून मागे आणि मध्यावर आणावं लागेल. पण त्याआधी दात सरळ करावे लागतील. आजवर वाकड्या जबड्याला सांभाळून घ्यायला दातही वाकडे झाले आहेत. तार लावली की ते उभे होतील, आणि मग जबड्याचा दोष आजच्याहून जास्त दिसेल.

"म्हणजे आधी बिघडवणार?"

"तसंच काहीसं."

पुढच्या भेटीला त्यांनी ट्रम्पेट घेऊन यायला सांगितलं.

"इथे वाजवू?"

"वाजवा. दार लावते मी."

त्याने वरात निघतानाची धून वाजवली. डॉक्टरांनी ती ऐकली नाही, त्या फक्त तोंडाकडे बघत होत्या. बाहेरून रिसेप्शनवरच्या बाईने दार किलकिलं करून पाहिलं आणि परत लावून घेतलं.

"तुम्ही वाजवायची अख्खी पद्धत या जबड्याभोवती बसवलीय," डॉक्टर म्हणाल्या. "जबडा हलला की ती जाणार."

"मंग वाजवता येते की नाही?"

"नव्याने शिकावं लागेल. खालचा ओठ काही महिने बधिर असेल. बहुतेकांचा परत येतो. कुणाकुणाचा थोडा बधिर राहतो, कायमचा."

"किती जणांचा?"

त्यांनी आकडा सांगितला. त्याच्या तो लक्षात राहिला नाही. 'कुणाकुणाचा' तेवढं राहिलं.

तो हो म्हणाला. अक्कलदाढा काढल्या, तार लागली. वस्तीतल्या बायका दिपालीला विचारू लागल्या, तुझ्या नवऱ्याचं आता नव्यानं लग्न आहे काय वं. दिपाली म्हणायची, हो, माझ्यासंगंच. तारेच्या टोकांनी ओठ आतून सोलला जायचा. तो त्यावर मेण चिकटवून वाजवायचा, आणि वाजवताना मेण गिळायचा. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं. दात उभे झाले आणि वरच्या-खालच्या दातांतली फट वाढली. आणि जे डॉक्टरांनी नेमकं सांगितलं नव्हतं तेही झालं. डाव्या कोपऱ्यात माऊथपीस बसायची जी जागा होती, ती राहिली नाही. जुनं तोंड गेलं होतं आणि नवं आलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यातल्या वरातींत तो पुढच्या ओळीत उभा राहून खालचे सूर तेवढे वाजवायचा. बाकीचं अश्विन ओढायचा.

नत्थूजींना हे ऐकू येत होतंच. म्हणून ते तार काढ म्हणत होते. आणि त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. जितेंद्रने डॉक्टरांना विचारलं होतं. तार काढली तर दात बरेचसे जुन्या जागी सरकतील, त्या म्हणाल्या होत्या. तुमचं जुनं वाजवणं कदाचित परत येईल. सांधा मात्र झिजत राहील.

"किती दिवस वाजवता येईन तसं?"

"ते मला सांगता येणार नाही. वडिलांनी कितव्या वर्षी सोडलं?"

त्यानंतर त्याने दुपारी भांडेवाडीकडच्या मोकळ्या मैदानात जायला सुरुवात केली. उद्याचं तोंड जसं असेल तसा माऊथपीस मध्यावर टेकवून बघायचा. नुसती हवा जायची. अश्विन गाडीवर मागे बसून सोबत यायचा, शेंगदाणे खायचा आणि ऐकायचा.

"भाऊ, पोरगं रडून राहिलं वाटते कोणाचं."

"हसू नको. तू धरून पाह्य मधात."

"मास्तर मारतीन."

"मास्तर इथं आहेत काय?"

अश्विनचा जबडा इतका सरळ होता, की साबणाच्या जाहिरातीत शोभला असता. त्याने माऊथपीस मध्यावर धरला. सुरुवातीचे काही दिवस त्याचीही हवाच गेली, कारण मान आपोआप उजवीकडे पडायची आणि जितेंद्र ती हाताने धरून सरळ करायचा. मग एका दुपारी वरचा सूर लागला, आणि लागून राहिला. नंदनवार बँडमध्ये तो सूर इतका मोकळा कुणी कधी काढला नव्हता. नत्थूजींनीही नाही. अश्विनने ट्रम्पेट खाली घेतला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा आहे.

"पुन्हा," जितेंद्र म्हणाला.

तेव्हापासून अश्विन मैदानात सरळ वाजवायचा आणि मास्तरांसमोर तिरपा.

दवाखान्यात भरती व्हायचा दिवस गुरुवार होता, ऑपरेशन शुक्रवारी. रविवारी खाप्याला वरात होती, तिथे जितेंद्रच्या जागी अश्विन. तारेवर जबडे बांधायचे छोटे हुक बसले होते, नवे साचे घेऊन झाले होते. दाढी-मिशी काढून या, असं सांगितलं होतं. ती गुरुवारी दुपारी काढली. जितेंद्र न्हाव्याकडून आला तेव्हा नत्थूजी दारात बसले होते. त्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं, मग स्वतःच्या हनुवटीवर हात ठेवला आणि तो लगेच काढून घेतला.

"लवकर आला," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी समोरच्या खोलीत तालीम होती. ढोलवाले अजून यायचे होते. बाहेर ऑटो येऊन थांबला होता. दिपाली पिशवीत टॉवेल, पेला आणि लहान मुलांचा दात घासायचा ब्रश भरत होती. जितेंद्र अश्विनजवळ जाऊन उभा राहिला.

"सरळ धर."

"भाऊ, आत्ता?"

"मी जायच्या आधी होऊन जाऊ दे."

अश्विनने मान सरळ केली आणि वाजवायला घेतलं. नत्थूजी ढोलाच्या कडेवर बोटांनी ठेका धरत होते. वरचा सूर आला तसा ठेका थांबला. अश्विनने धून पूर्ण केली, ट्रम्पेट खाली घेतला आणि फरशीकडे पाहत राहिला.

"कधीपासून?" नत्थूजींनी विचारलं.

"पोळ्यापासून मास्तर."

"कोणी सांगतलं?"

"मी सांगतलं," जितेंद्र म्हणाला.

"म्हणजे इतकी वर्षं मी पोरांले वाकडंच शिकवलं."

"तुम्हाले जसं जमलं तसं शिकवलं. तुमच्या तोंडाले तेच बरोबर होतं. याच्या तोंडाले नाही."

"अन् तुझ्या?"

"माझं तोंड उद्यापासून हे नाही राहत बाबूजी."

"तेच विचारून राहिलो. तेव्हा तुले कोण शिकवन? मले सरळ नाही येत."

"अश्विन शिकवन."

"भाऊ, मी काय…" अश्विन म्हणाला.

नत्थूजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "माझं तोंड किती उघडते, माहीत आहे तुले?"

"माहीत आहे. दोन बोटं."

"कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही भाकर दुधात कुस्करून खाऊ लागले तेव्हापासून."

 बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न दिला. दिपाली पिशवी घेऊन दारापर्यंत आली, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी बसते ऑटोत. या तुम्ही." ती गेली.

"सोडलं तेव्हा बरं नाही वाटलं मले," नत्थूजी म्हणाले. "पण वाजत होतं तोवर वाजवलं, मंग सोडलं. तुझं तसं नाही. तू आता जाशीन, तोंड सरळ होईन, सगळे म्हणतीन छान दिसते. अन् ओठाले काही समजलंच नाही तं? माऊथपीस कुठं टेकला तेच नाही समजलं, तं मंग काय करशीन जितू?"

जितेंद्रने भिंतीवरचा आपला ट्रम्पेट काढला. माऊथपीस फिरवून वेगळा केला, शर्टाला पुसला आणि खिशात टाकला. ट्रम्पेट परत खिळ्याला लावला. तो थोडा हलत होता, तो हाताने थांबवला. मग दाराशी चपला घातल्या आणि ऑटोकडे गेला.