दोन्ही हात पुढे

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातपूरच्या कारखान्यात प्रेस मशीनमध्ये बाबांचा उजवा हात मनगटापासून गेला, तेव्हा मी अकरावीत होते. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात रोज दुपारी गुरुद्वारातली माणसं डाळ-रोटी घेऊन यायची. पहिले तीन दिवस आईच्या आणि माझ्या पोटात तेवढंच गेलं. सख्खे नातेवाईक बिस्किटांचे पुडे ठेवून सटकले. बाबा घरी आल्यावर आई दर रविवारी गुरुद्वारात रोट्या लाटायला जाऊ लागली आणि मी वाढायला.

बाबा मात्र चारचौघांत जेवेनासे झाले. डाव्या हाताने खाताना सांडायचं. आमच्यासमोरही जेवत नसत. आतल्या खोलीत, दार लावून, भिंतीकडे तोंड करून बसायचे. आई मनात कुढायची. मी तापट. "तिथं कुणी कुणाकडे बघत नाही, एकदा चला," म्हणत मी वर्षभर त्यांचं डोकं खाल्लं. ते नुसतं हूं म्हणायचे.

लंगरमध्ये, म्हणजे गुरुद्वारातल्या पंगतीत, रोटी ताटात टाकत नाहीत. जेवणाऱ्याने दोन्ही हात ओंजळीसारखे जोडून पुढे धरायचे आणि वाढणाऱ्याने त्यात ठेवायची. सुरुवातीला मी कुणाच्या तरी एकाच हातावर रोटी टेकवली, तर वाढपावर देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी मला चांगलंच फटकारलं होतं. तेव्हापासून मी चेहरे बघतच नसे, फक्त हात बघे.

एका रविवारी गर्दी फार होती. वाकून वाकून कंबर मोडली होती. पंगतीत एक डावा हात पुढे आला. एकच. मला चीड आली.

"दोनों हाथ, जी," मी चढ्या आवाजात म्हणाले. शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं.

शर्टाच्या लांब बाहीतून मनगटाचं थोटूक बाहेर आलं. बाबा डोक्याला रुमाल बांधून, आम्हाला न सांगता, एकटेच आले होते. त्यांनी ते थोटूक डाव्या तळव्याला टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी रोटी ठेवली आणि पुढच्या माणसाकडे सरकले. अजून त्याची लाज वाटते मला.

दुसऱ्या फेरीला त्यांची जागा रिकामी होती. मी रोट्यांची टोपली तिथंच ठेवून घर गाठलं. आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, बाबा तीच रोटी कोरडी खात होते.

"बाबा, पाणी आणू?"

"दार लाव," ते म्हणाले.