टिंबांची गयाबाई

अर्धापूरच्या तहसील कचेरीसमोर एक टायपिस्ट बसतात. शाळेचे कागद टाइप करून घ्यायला मी नेहमी त्यांच्याकडे जातो. ते फार बोलत नाहीत. होकाराचं "हाव" म्हणतानाही नजर संगणकाच्या पडद्यावरच असते. पण हात रिकामा झाला की कीबोर्डवरचे स्टार, रेघा, कंस आणि टिंबं एवढ्यातूनच ते मोर काढतात, वेलबुट्टी काढतात. आमच्या शाळेचं 'स्वागतम्' त्यांनी असंच केलं होतं. दुरून ठळक अक्षरं, जवळ गेलं की नुसते स्टार.

एकदा महिला बचत गटाच्या नव्या अध्यक्ष गयाबाई अर्ज टाइप करून घ्यायला आल्या. अर्ज टाइप झाल्यावर टायपिस्टनी शाईचा पॅड पुढे केला, तसा गयाबाईंनी हात मागे घेतला.

"अंगठा न्हाई देणार. सही शिकवता का?"

टायपिस्ट कीबोर्डकडे वळले. ओळीवर ओळ टाकत त्यांनी पानभर 'गयाबाई' उभी केली, सगळी टिंबांची. छापलेला कागद त्यांच्यापुढे ठेवून म्हणाले, "मावशी, टिंबावरून पेन फिरवा. घाई न्हाई. अर्ज उद्या दिला तरी चालतंय."

गयाबाई गिरवत राहिल्या. एक कागद झाला की ते नाव थोडं लहान करून दुसरा छापून देत. माझं काम झालं होतं, तरी मला उठवेना. सातव्या कागदानंतर गयाबाईंनी टिंबांशिवाय, थेट अर्जावर सही केली. अक्षरं वाकडी होती, पण वाचता येत होती.

टायपिस्ट खुर्चीतून उठले आणि तो अर्ज त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. इतक्या वर्षांत कुणाचाही कागद त्यांनी उभं राहून घेतलेला मी पाहिला नव्हता.